पंच क्रमांक एक

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२५

चि. धैर्यशील,

आशीर्वाद पाठवतोय. घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव.

सात वर्षांनी तुझा निरोप आला. तोही आक्काच्या मोबाइलवर, तोही तीन ओळींचा. मी काम केलेला सुपरहिरोचा पिक्चर लागलाय, मामांना म्हणावं तो गुन्ह्याचा पिक्चर म्हणून बघा आणि कसा वाटला ते लिहून कळवा. तुझ्या आईनं तो मला चार वेळा वाचून दाखवला आणि चारही वेळा रडली. थोरली बहीण आहे, म्हणून काही बोललो नाही. तुझा नवा नंबर मागितला तर देईना. त्यानं लिही म्हटलंय तर लिही, म्हणाली. म्हणून लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. ठाण्याच्या वर्द्या बाजूला सारल्यात. थांबतील पोलीस तासभर.

तर पिक्चर बघितला. पहिली तक्रार अंधाराची. एवढ्या मोठ्या शहरात एक बल्ब लावायला कुणी नाही का? अर्धा तास मला वाटलं थिएटरवाल्याचं मशीन बिघडलंय. शेजारच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "पावणं, असाच हाय पिक्चर, गप बघा." मग गप बघितला.

तू म्हणालास तसं मी मुखवटा आणि तो रबरी कोट मनातनं काढून टाकला. उरला एक माणूस, ज्याला सरकारनं नेमलेलं नाही आणि जो खुनाचा तपास करतोय. बंदरातला अधिकारी मेला, पोलिसांनी त्याच्या ड्रायव्हरला पकडलं, ड्रायव्हर म्हणतो मी नव्हतो. ही गोष्ट उभी राहते की नाही? राहते. मेलेल्याजवळ सापडलेला चष्मा त्याच्या नंबरचा नाही, हे जिथं कळतं तिथं मी खुर्चीत पुढं सरकलो. झटापटीत दोघांचे चष्मे पडले आणि खुन्यानं चुकून दुसऱ्याचा उचलला. असं डोकं चालवलं की मला कुणी उडणारा माणूस दाखवायची गरज नाही.

पण तो चष्मा मुखवटेवाला सरळ स्वतःच्या खिशात घालतो. अरे, पंच कुठायत? दोन प्रतिष्ठित माणसं समोर उभी करायची, वस्तू सीलबंद करायची, वर त्यांच्या सह्या घ्यायच्या. हे मी तुला सांगायला पाहिजे का? ठाण्यासमोर दुकान असल्यामुळं तीस वर्षं मला रस्त्यापलीकडून हाक आलीय. मी आणि सम्राट पानवाला, पंच क्रमांक एक आणि दोन. शंभराच्या वर पंचनाम्यांवर माझी सही आहे. तो चष्मा कोर्टात दहा मिनिटं टिकणार नाही. आणि खुन्याला क्रेनला उलटा टांगून घेतलेला कबुलीजबाब पाचसुद्धा नाही.

शेवटची वीस मिनिटं सोडून दे. गुन्ह्याच्या पिक्चरमध्ये सातव्या मजल्यावरनं पडलेला माणूस मेला पाहिजे.

खुनी पोलीसप्रमुखच निघाला, हे मी मध्यंतराला ओळखलं होतं. पण बाहेर आल्यावर डोक्यात गोंधळ झाला. प्रमुखानं एक खून केला. मुखवटेवाल्यानं घरं फोडली, माणसं बडवली, पुरावा पळवला. मग गुन्हेगार म्हणायचं कुणाला? चहा पिता पिता विचार केला, त्यासाठी दुसराही चहा घेतला. दहापैकी साडेसहा गुण देतो.

हे सगळं तू मलाच का विचारलंस, तेही समजलेलं नाही. अल्ताफचं नाव तू काढलेलं नाहीस. मीही काढत नाही.

तुझा
जोतीराममामा


कोल्हापूर, १९ जानेवारी

धैर्यशील,

आज आशीर्वाद नाही.

पिक्चर दुसऱ्यांदा बघितला आणि तू मला का बघायला लावलास ते कळलं. मध्यंतराच्या थोडं आधी पोलीसप्रमुख एका दुकानात जातो. काउंटरवर कागद ठेवतो. दुकानदार एका हातानं काच पुसतोय, पुसता पुसता दुसऱ्या हातानं सही करतो. कागदाकडं बघतही नाही. त्याचं तोंड दिसत नाही. चार सेकंदांचं काम. त्याच कागदावर पुढं ड्रायव्हर अडकतो.

तो मी आहे ना?

खात्री करायला परवा तिसऱ्यांदा गेलो. तो माणूस डाव्या हातानं सही करतो का ते बघायचं होतं, कारण माझा लिहिण्याचा हात डावा. पण नेमका तिथं धूर आला. आक्का सांगते की पिक्चरमधला धूर तूच कॉम्प्युटरवर केलायस. म्हणजे मला दाखवलास आणि वर झाकलासही.

तुला शिव्या घालायच्या होत्या तर फोन करून घालायच्या होत्या. पोटच्या पोरासारखा सांभाळला तुला. दर शुक्रवारी पिक्चरला नेला. आणि तू तेराशे माणसांसमोर माझी अब्रू काढतोस? ओळखलं कुणी नाही, हे खरं. पण मी ओळखलं की.

आता नाव काढलंच पाहिजे म्हणून काढतो. अल्ताफ तुझा जिवलग दोस्त होता हे मला मान्य आहे. तो कामाला होता त्या शिरोलीच्या फाउंड्रीतनं पितळेच्या सुट्या भागांची दोन पोती गेली, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणं ती अल्ताफच्या घरात पलंगाखाली सापडली. पंचनाम्यावर माझी सही होती आणि कोर्टात मी तसं सांगितलं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली ती कोर्टानं दिली, मी नाही. अपिलात जामिनावर सुटला तो सात वर्षं बाहेरच आहे. पोलीस उगीच कुणाच्या घरात पोती कशाला ठेवतील? आकाराम हवालदार माझ्याकडं वीस वर्षं वर्द्या टाकत होता. तो असला माणूस नव्हता.

एवढं लिहून झाल्यावर मी काय सिद्ध केलं, ते मलाच कळत नाही. पत्र टाकतोय तरीही.

जोतीराम


कोल्हापूर, २ फेब्रुवारी

चि. धैर्यशील,

तुझं उत्तर आक्कानं वाचून दाखवलं. या वेळी ती रडली नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली.

त्या दुकानदाराशी तुझा काही संबंध नाही, असं तू लिहिलंयस. अकरा माणसं फक्त धूर आणि धुकं करत होती, त्यांतला तू एक. तो प्रसंग आला तेव्हा तू धुराचा रंग बघत होतास, माणसाकडं बघितलंच नव्हतंस. माझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा बघितलंस. मग मला का विचारलंस? तर लहानपणी पिक्चरला गेलो की मामा मध्यंतराच्या आत खुनी ओळखायचे, या वेळी ओळखतात का बघावं असं वाटलं. बस्स.

हे वाचून मी बराच वेळ इस्त्री गरम करत बसलो. म्हणजे मला पडद्यावर कुणी बसवलं नव्हतं. माझा मीच जाऊन बसलो.

शेवटी तू एक ओळ लिहिलीयस, की अल्ताफच्या अपिलाची तारीख सहा मार्चला आहे. पुढं काही नाही. त्या ओळीचं उत्तर हे पत्र.

आकाराम हवालदार कागद घेऊन आला तेव्हा मी एका शर्टाच्या बाहीवर होतो. उजव्या हातात इस्त्री, डाव्यानं सही. कुठला पंचनामा, तेही विचारलं नाही. तो म्हणाला, "जोतीराम, टाक की." मी टाकली. अल्ताफचं नाव मला दुसऱ्या दिवशी तुझ्याकडनं कळलं. त्या झडतीला मी गेलो नव्हतो, धैर्या. शंभर पावलंसुद्धा गेलो नव्हतो.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी तू दुकानात आलास आणि जे झालं तेवढंच सांगा म्हणालास. मी तुला म्हणालो, उलटलो तर उद्या ठाण्यात मला कोण उभं करील. हे खरं कारण होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. पंच म्हणून कोर्टात नाव पुकारलं की मला बरं वाटायचं. अकरावी नापास माणसाला न्यायाधीश अहोजाहो करतो. त्याची मला चटक लागली होती.

आणि त्यापुढचं तुला माहीत आहे, पण मी कधी माझ्या तोंडानं बोललो नाही. अल्ताफच्या वकिलानं मला पेचात पकडायला विचारलं, की झडतीला होता तर खोलीत काय काय होतं ते सांगा. मी धडाधडा सांगितलं. निळी ट्रंक, शिलाई मशीन, खिडकीशी लोखंडी पलंग, त्यावर हिरवी चादर. सगळं बरोबर. कारण ईदला तुझ्याबरोबर त्याच पलंगावर बसून मी अल्ताफच्या आईच्या, हाफिजाभाभींच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला होता. भाभी कोर्टात मागच्या बाकावर होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. वकील खाली बसला. तुझा दोस्त त्या उत्तरावर आत गेला.

मी प्रतिज्ञापत्र करून देईन. पण एक गोष्ट कुणाला सांगू कळत नाही, ती तुला सांगतो. चार दिवस झाले, मी जुने पंचनामे आठवायला बसतोय. कुठं खरंच गेलो होतो आणि कुठं दुकानातच सही केली? मुरगूडच्या दारूच्या केसला गेलो होतो, जीपमध्ये उलटी झाली म्हणून आठवतं. बाकीचं सगळं सारखंच दिसतं. न बघितलेलंही बघितल्यासारखं आठवतं. त्यांत अजून किती अल्ताफ असतील, मला माहीत नाही. घाबरलोय मी.

आधी अल्ताफला भेटतो. तो हल्ली पेठ वडगावला वेल्डिंगच्या दुकानात असतो असं कळलं. त्याच्या पायावर डोकं ठेवतो, मग वकिलाकडं जातो.

मामा


कोल्हापूर, १६ फेब्रुवारी

धैर्या,

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुला लिहिल्याशिवाय मला सरळ विचार करता येत नाही, अशी सवय महिन्याभरात लागलीय.

वडगावला गेलो. अल्ताफनं मला लांबनंच ओळखलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला, स्टूल पुढं केलं, चहा मागवला. पाया पडायला वाकलो तर दोन्ही हातांनी धरलं मला. केस पांढरे झालेत रे त्याचे. तुझ्याच वयाचा ना?

मी सगळं सांगितलं. झडतीला नव्हतो, खोटं बोललो, आता कोर्टात लिहून देतो, माझ्यावर खटला झाला तरी चालेल. तो ऐकत होता. चहा गार झाला. मग त्यानं पोऱ्यांना बाहेर पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला,

"मामा, माल घरात हुता."

मला वाटलं, मला सांभाळून घ्यायला बोलतोय. मी म्हटलं, तसं काही म्हणू नकोस.

"न्हाय मामा. खरंच हुता. पलंगाखालीच हुता. मीच नेलता. सगळीच थोडं थोडं नेत हुती, म्या दोन पोती नेली. आकाराम हवालदार सकाळी सकाळी एकलाच आला, पोती काढली, मला घेऊन गेला. संगं पंच न्हवतं, एवढंच."

मग तुझं विचारलं. त्यावर तो खाली बघायला लागला. म्हणाला, पहिल्या दिवशी धैर्या डबा घेऊन ठाण्यात आला आणि त्यानं विचारलं, तू केलंस का. त्याच्या तोंडाकडं बघून हो म्हणवेना. पोलिसांनी ठेवलं असं सांगितलं. वाटलं, दोन दिवसांनी खरं सांगू. ते दोन दिवस लांबत गेले, आणि माझी साक्ष झाल्यावर तू माझ्याशी भांडलास, गाव सोडलंस.

"माझ्यापायी त्येनं मामा सोडला. आता त्येला काय तोंडानं सांगू? तुमी काय बी लिवून द्या, न्हाय तर नका दिऊ. पर धैर्याला हे सांगू नगा."

हाफिजाभाभींना माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाला.

परतीच्या एसटीत उभ्यानं हिशेब मांडत होतो. मी न बघता शपथेवर सांगितलं की माल पलंगाखाली होता. माल पलंगाखालीच होता. मग मी खोटं बोललो की खरं? सात वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस ते चुकीचं की बरोबर? मी प्रतिज्ञापत्र दिलं तर चोर सुटतो. नाही दिलं तर पुन्हा मीच खोटा. हातकणंगल्याहून येणाऱ्या एका बाईनं मला पाणी दिलं, इतका मी बावचळलो होतो.

आणि सगळ्यांत वाईट विचार सांगतो. हे तुला कळवलं की तू माझ्याकडं परत येतोस. मामा वाईट होते, पण दोस्त त्याहून वाईट निघाला, असं म्हणून येतोस. एक पोस्टकार्ड पुरे. तो विचार आला तेव्हा मला आधी आनंद झाला. हे मी लपवत नाही, कारण हे पत्र जाणार नाही.

तुझ्या पिक्चरचं खरं मूल्यमापन आता करतो. पंचांची चूक मोठी नाही. मोठी चूक ही, की ड्रायव्हर धुतल्या तांदळासारखा आहे. त्यानं काहीच केलेलं नाही, म्हणून मुखवटेवाल्याला सगळं सोपं जातं. ड्रायव्हरनं खून केला असता आणि तरीही तो कागद खोटाच असता, तर मुखवटेवाल्यानं काय केलं असतं? तो पिक्चर कुणी काढलेला नाही. काढला तर मी दहापैकी दहा देईन, आणि पुन्हा बघायला जाणार नाही.

तू कागदावर नाहीस, समोर बसलायस असं समजून लिहिलं. सहीची गरज नाही.


कोल्हापूर, ९ मार्च

चि. धैर्यशील,

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून झालं ते क्रमानं लिहितो.

वीस फेब्रुवारीला अल्ताफच्या वकीलबाई क्रांती यांच्याकडं गेलो. वयानं तुझ्याएवढ्या आहेत, पण बोलतात कडक. मी त्यांना आधी विचारलं, समजा माल घरात होताच, तर? त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलात का? नाही ना? मग जे पाहिलं नाही त्यावर परत साक्ष देऊ नका." मला ते पटलं. पटल्यासारखं तरी वाटलं. त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं, की मी झडतीच्या ठिकाणी हजर नव्हतो, सही दुकानात केली, आणि खोलीचं वर्णन मी पूर्वी पाहिलेल्या खोलीचं केलं. माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं, सही केली.

सहा तारखेला कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी कागद ठेवून घेतला, सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं, एप्रिलची तारीख दिली. मला अहोजाहो केलं नाही. पुढं अल्ताफचं काय होईल, वकीलबाईंनाही सांगता येत नाही. पण आशा आहे म्हणाल्या.

ठाण्याच्या वर्द्या यायच्या बंद झाल्यात. सम्राट पानवाला दुकानापुढनं जाताना आता दुसऱ्या बाजूला बघतो. आक्का म्हणते, बरं झालं, तुझी पाठ दुखायचीच. चालायचंच.

वडगावला गेलो होतो त्याबद्दल तू फोनवर विचारलंस. अल्ताफ बरा आहे. त्यानं चहा दिला. माझ्यावर रागावला नाही. तुझी आठवण काढत होता. जास्त काही बोलणं झालं नाही.

पिक्चरच्या दुसऱ्या भागाचं काम तुला मिळालंय आणि गोष्टीत काय सुधारायला पाहिजे ते लिहा, असं तू म्हणालास. माझं एक मत झालं होतं, पण ते आता मला पटत नाही. पंच दाखवा, एवढंच सांग त्यांना. आणि थोडे बल्ब लावा.

आता त्या शेवटच्या बोलण्याविषयी. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो तसाच होता, नाकातला. तू विचारलंस, "मामा, माल घरात नव्हताच ना?" मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार? मी तिथं नव्हतो." नाक ओढल्याचा आवाज आला. पाडव्याला येतो म्हणालास, अल्ताफला घेऊनच घरी येतो म्हणालास. आणि म्हणालास, मामा, जन्मात पहिल्यांदा तुम्ही सगळं खरं बोललात.

त्यावर फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नाही. मी ठेवला.

ये पाडव्याला. दोघंही या.

तुझा
मामा